अन्यायी कारभाऱ्याला शाबासकी कशी? लूक १६ गटाने वाचताना

सलाम. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. सोलापुरातल्या एका घरसभेत शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, घेण्याचं काम नुकतंच तुमच्याकडे आलंय. लूकचं शुभवर्तमान (येशूचं चरित्र सांगणारं नव्या करारातलं पुस्तक) ओळीने वाचत तुम्ही सोळाव्या अध्यायाला पोचलात आणि अडकलात. तिथे येशूचा एक दाखला आहे, म्हणजे शिकवणीसाठी सांगितलेली गोष्ट. एका श्रीमंताच्या कारभाऱ्यावर मालमत्ता उधळल्याचा आरोप होतो. मालक हिशेब मागून त्याला काढायला निघतो. तेव्हा हा गडी मालकाच्या देणेकऱ्यांना बोलावून त्यांच्या रोख्यांवरचे आकडे कमी करून देतो, आणि एवढं करून वाखाणणी होते ती त्याचीच. तुमच्या सभेतले एक काका म्हणाले, "हे आत्मिक आहे, फार खोदू नये." एक तरुण हसून म्हणाला, "म्हणजे आमच्या ऑफिसात चालतं ते बरोबरच की!" पुढे कुणी तोंड उघडलं नाही, शेवटची प्रार्थना झाली आणि चहा आला. आता पाळकसाहेबांकडून, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडून, नेमका अर्थ लिहून आणून वाचून दाखवावा, की गटालाच सोडवू द्यावं, असं तुम्ही विचारताय. गटावर सोडलं तर जितकी माणसं तितके अर्थ निघतील, ही तुमची भीती.

मी पाळक नाही. शाळेत शिकवत होते, आणि त्याच्या जोडीने बरीच वर्षं मंडळीतल्या वेगवेगळ्या गटांबरोबर शास्त्र वाचत आले. हा दाखला त्यात पुन्हा पुन्हा आला आणि दर वेळी कुणी ना कुणी वैतागलं. तेव्हा सभा अवघडली म्हणून तुमचं काही बिघडलं असं समजू नका. या तेरा ओव्यांनी (ओवी म्हणजे अध्यायातलं एकेक आकडा घातलेलं वचन) भल्याभल्या अभ्यासकांना घाम फोडलाय.

मला विचाराल तर तुमची अडचण अर्थाच्या आधीची आहे. काका आणि तरुण या दोघांनी एकच गोष्ट केली, पान मिटलं. काकांनी येशूचा मान राखण्यासाठी मिटलं, तरुणाने गंमत म्हणून. वाक्य बोलून झाल्यावर दोघांपैकी कुणीही परत मजकुराकडे पाहिलं नाही. पुढच्या आठवड्यात तुम्ही लिहून आणलेला अर्थ वाचलात, तर तो शंभर टक्के बरोबर असला तरी पान मिटणारे तिसरे तुम्ही. आणि खरं सांगायचं तर दोघांत तरुण जास्त जवळ होता. गोष्ट पैशाची आहे, कामाच्या ठिकाणची आहे आणि तिच्यात लबाडाची पाठ थोपटली जातेय, एवढं त्याला स्वच्छ ऐकू आलं. त्याचा टोमणा हाच अभ्यासाचा पहिला प्रश्न आहे. तो त्याला प्रश्न म्हणून परत द्या.

काही गोष्टी तुमच्या गटावर अवलंबून आहेत. आठ-दहा जण असतील तर मी पुढे सांगते तसं जमून जाईल. वीस-पंचवीस असतील तर आधी चौघापाचांचे घोळके करून मग एकत्र यावं लागेल. नव्याने विश्वासात आलेली माणसं जास्त असतील तर एका बैठकीचं काम दोन बैठकींत करा. आणि मंडळीत सध्या पैशाचा किंवा मिळकतीचा वाद चालू असेल (आपल्याकडचे असे वाद धर्मादाय आयुक्तांच्या दारापर्यंत जातात, हे काय सांगायचं) तर हा उतारा सरळ बाजूला ठेवा. अशा दिवसांत कारभारी म्हणजे आपल्यातला कोण, हे प्रत्येक जण मनात ठरवूनच बसलेला असतो. मग वाचन राहतं बाजूला, नुसते टोले मारले जातात.

वाद नसेल तर पहिलं काम म्हणजे उताऱ्यावरचा मथळा झाकणं. तो लूकने लिहिलेला नाही, छापणाऱ्यांनी सोयीसाठी घातलाय. तुम्ही वाचायच्या आधीच तो निकाल देऊन मोकळा होतो. अध्यायांचे आकडेही नंतरचेच. आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन यांनी केली असं मानतात, आणि नव्या कराराच्या ओव्यांना आकडे दिले रोबेर एस्तिएन या मुद्रकाने, १५५१ साली. लूकच्या लिखाणात पंधरा आणि सोळाच्या मध्ये भिंत नव्हती. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, उधळ्या पुत्र, त्याच्यामागून लगेच हा कारभारी आणि मग श्रीमंत मनुष्य व त्याच्या दारातला भिकारी लाजर, अशी ती गोष्टींची रांग आहे. धाकटा मुलगा बापाची संपत्ती उधळतो आणि पुढच्याच गोष्टीत कारभाऱ्यावर धन्याची संपत्ती उधळल्याचा ठपका येतो. सलग ऐकलं तर हे कानाला लागतं. म्हणून १५:१ पासून १६:३१ पर्यंत एका दमात, मोठ्याने वाचा. दहा-बारा मिनिटांच्या वर लागत नाही. चर्चा मात्र फक्त १६:१ ते १३ वर.

सोलापुरात असण्याचा एक फायदा उचला. आपल्या मंडळ्यांत घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी माणसं असतातच. त्यांना त्यांच्या शास्त्रातून त्याच तेरा ओव्या वाचू द्या. शब्दाला शब्द लावून बघत बसू नका, त्याने अभ्यासाची भाषेची शिकवणी होऊन जाते. माणूस ज्या भाषेत घरात भांडतो त्या भाषेत गोष्ट कानावर पडली की तो तिच्यात शिरतो, एवढ्यासाठीच हे करायचं. बाकीच्यांना तेवढा वेळ थांबावं लागतं, तेही बरंच.

मग सगळ्यांनी पुस्तकं मिटायची आणि एकाने गोष्ट तोंडी सांगायची. शक्यतो वाचता न येणाऱ्या व्यक्तीला सांगायला लावा. माझा अनुभव असा की न वाचणाऱ्या मावश्यांची आठवण आम्हा वाचणाऱ्यांपेक्षा पक्की असते, आणि बैठकीत त्यांना एरवी कुणी बोलू देत नाही. सांगणारी काय गाळते आणि काय घालते, इकडे बाकीच्यांनी कान ठेवायचा. "मालक लई भडकला" हे हमखास घातलं जातं. पानावर मालक भडकलेला नाही. "कारभाऱ्याने पैसे खाल्ले" असं येतं. पानावर आरोप उधळल्याचा आहे, आणि तो कुणी केला हेही दिलेलं नाही. "मग लोकांनी त्याला घरात घेतलं" हे तर येतंच येतं. तेही नाही. त्याची युक्ती फळाला आली की नाही, हे येशू सांगतच नाही. गोष्ट शाबासकीपाशी तुटते. इतक्या वेळा ऐकलेल्या गोष्टीत आपण स्वतःच्या पदरचं किती भरतो हे गटाला दिसलं, की "फार खोदू नये" म्हणणाराही पुस्तक उघडून खात्री करायला लागतो.

इथपर्यंत एकच नियम ठेवा. "काय घडतं" असं विचारायचं, "म्हणजे काय" असं नाही. कुणी घाईने अर्थ काढला तर कागदावर टिपून ठेवा आणि नंतर बघू म्हणा.

यानंतर मी कामधंद्याचे प्रश्न घेते. गटाने मिळून वाचण्याचा खरा उपयोग इथे होतो, आणि खरा धोकाही इथेच आहे.

आमच्या एका गटात मार्केट यार्डात आडतीच्या दुकानी वह्या लिहिलेले एक काका होते. सगळे "त्याने आकडे खोडले" म्हणत होते. ते म्हणाले, "त्याने कुठे खोडले? देणेकऱ्याला बसवून त्याच्याच हाताने लिहून घेतलं." पानावर तसंच आहे. हा तुझा रोखा घे, लवकर बसून पन्नास लिही, असं तो सांगतो. काका पुढे म्हणाले, "अक्षर कुणाचं, त्याच्यावर सगळं असतंय. उद्या हा माणूस मला काही माहीत नाही म्हणू शकत नाही. आणि बोलावलंय एकेकट्याला. चारचौघांत असली कामं होत नाहीत." असं वाचन वह्या लिहिलेल्या माणसालाच सुचतं. कारभाऱ्याने उपकार केले आणि त्याच दमात देणेकऱ्यांना आपल्याशी बांधूनही घेतलं. "शहाणपण" म्हणतात ते नेमकं कसलं, हे तिथे आम्हाला पहिल्यांदा डोळ्यांपुढे दिसलं.

रकमांचा हिशेबही फळ्यावर मांडा. तेलाचं माप बथ आणि गव्हाचं कोर. ही मापं किती लिटरची यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण हात आखडता घेऊन धरलं तरी एक बथ बावीस लिटरच्या आसपास येतो आणि कोर त्याच्या दहापट. म्हणजे शंभर बथ तेल झालं दोन हजार लिटरच्या वर, आणि शंभर कोर गहू दीडशे क्विंटलच्या वर. शंभराचे ऐंशी केले तेव्हा तीसेक क्विंटल गहू एका ओळीत सुटला. हे आकडे पाहिले की गट सरसावून बसतो. ही गल्लीतल्या किराणा दुकानाची उधारी नव्हे. देणेकरी मोठी जमीन खंडाने करणारे किंवा घाऊक व्यापारी असावेत. "त्याने गरिबांचं कर्ज माफ केलं" असं गोड वाचन कुणीतरी करतंच. ते इथे अडखळतं.

बिड्या वळणाऱ्या एका मावशीने दुसरीकडेच बोट ठेवलं. "मालकाने त्याला विचारलं का, खरं काय ते? ऐकीव बोलण्यावर हिशेब दे आणि चालू लाग." आणि लगेच स्वतःच म्हणाली, "पण तोही गप्पच बसला. खोटं असतं तर बोलला असता की." दोन्ही गोष्टी पानावर आहेत. मालक खरंखोटं करत नाही आणि कारभारी मालकापुढे एक अक्षर बोलत नाही. बोलतो ते मनातल्या मनात. खणायची ताकद नाही, भीक मागायची लाज वाटते. काम सुटण्याची टांगती तलवार ज्यांनी पाहिलीय त्यांना या ओळीत विनोद दिसत नाही, हे मी गटागटांत पाहिलंय.

मग ती मावशी मोजणीवर आली. बिड्या जमा करताना चांगल्या किती धरायच्या आणि छाट म्हणून किती काढायच्या, हे मालक ठरवत नाही, मध्ये बसलेला माणूस ठरवतो. "त्या शंभरातले पन्नास ह्याचेच असतील. त्याने आपलं सोडलं, मालकाचं काय गेलं?" तिला ठाऊक नव्हतं, पण काही अभ्यासकांचं मत अगदी हेच आहे. कारभाऱ्याने रोख्यात लावलेलं आपलं कमिशन तेवढं वगळलं, असं ते म्हणतात. दुसरं एक मत व्याजाचं. जुन्या करारातल्या मोशेच्या नियमशास्त्रात आपल्या भाऊबंदांकडून व्याज घ्यायला मनाई आहे (निर्गम २२:२५, लेवीय २५:३६-३७, अनुवाद २३:१९-२०). तेव्हा व्याज उघड न लिहिता मुद्दलातच मिसळून रोखा करत असावेत, आणि कारभाऱ्याने तो बेकायदा भाग काढून टाकला, असं हे मत सांगतं. तेलाला निम्मी सूट आणि गव्हाला पाचवा हिस्सा, हा फरक का, याचंही उत्तर त्यात काही अंशी मिळतं. हे ऐकल्यावर बचत गट आणि फायनान्सवाल्यांशी व्यवहार केलेल्या बायका लगेच माना डोलावतात. हातात आलेली रक्कम आणि कागदावरची रक्कम यांतलं अंतर त्यांना कुणी शिकवायला नको. सोलापूरला तर नकोच. २०२३ साली इथल्या यार्डात पाचशे किलोच्या वर कांदा विकून हमाली, तोलाई, भाडं वजा जाता शेतकऱ्याच्या हाती दोन रुपये उरल्याची बातमी देशभर गेली होती.

धोका सुरू होतो तो इथून. कमिशन किंवा व्याज हे उत्तर सापडलं की गटाला हुश्श होतं. म्हणजे कारभारी मनाचा चांगलाच होता! येशूने चांगल्या माणसाची स्तुती केली, संपलं कोडं. अशा वेळी मी एकच विचारते, "कोणत्या ओवीत?" सगळे पान चाळतात. कमिशन कुठे नाही, व्याज कुठे नाही. उलट कारभारी देणेकऱ्याला विचारतो की माझ्या धन्याचं तुझ्याकडे किती येणं आहे. आणि आठव्या ओवीत शाबासकी देतानाही त्याला अन्यायीच म्हटलंय. ते आधीच्या उधळपट्टीबद्दल असू शकेल, मान्य. तरी त्याला निर्दोष ठरवायला पानावरचा आधार तोकडा पडतो. माझं मत विचाराल तर त्याने मालकाचंच नुकसान केलं, असंच मला दिसतं. हुश्श वाटलं याचाच मला जास्त संशय येतो. गोष्ट टोचावी म्हणूनच सांगितलेली दिसते. कारभारी धुऊन निघाला तर टोच जाते आणि मग ती सांगायचं कारणही उरत नाही. पण हे माझं वजन मी शेवटी टाकते, आधी नाही, आणि मावशीचं म्हणणं फळ्यावरून पुसत नाही.

तुमच्या "जितकी माणसं तितके अर्थ" या भीतीला माझं उत्तर यातच आहे. ज्याने जे भोगलंय त्याला ते पानावर दिसतं, आणि दुसऱ्यांना दिसत नाही ते दिसतं. म्हणून सगळ्यांना बोलतं करायचं. पण दिसलेलं खरंच तिथे आहे का, याचा निवाडा ओवीवर बोट ठेवून करायचा. तिथे वयाचा मान चालत नाही, शिक्षणाचा नाही, आणि मताधिक्यही नाही. मी फळ्यावर तीन रकाने करते: लिहिलंय, असू शकेल, इथे नाही. "त्याची युक्ती यशस्वी झाली" हे तिसऱ्यात. कमिशन आणि व्याज दुसऱ्यात. "देणेकऱ्याने स्वतः लिहिलं" पहिल्यात. सुरुवातीला दहा अर्थ असतात ते तासाभरात दोन-तीनवर येतात. तेवढे उरले तर उरू द्या. दोन अर्थ घेऊन घरी गेल्याने कुणाचा विश्वास ढळलेला मी पाहिला नाही. प्रश्न विचारू दिला नाही म्हणून सभेला यायचे थांबलेले तरुण मात्र पाहिलेत.

आता "म्हणजे काय" कडे या. शाबासकी कशाबद्दल आहे ते आठव्या ओवीतच सांगितलंय: शहाणपणाने वागला म्हणून. प्रामाणिक वागला म्हणून नव्हे. शाबासकी देणारा धनी गोष्टीतला मालक की स्वतः येशू, यावरही मतं दोन आहेत. मला मालकच वाटतो, कारण नवव्या ओवीत "मी तुम्हांला सांगतो" म्हणून येशू स्वतःच्या तोंडाने बोलायला लागतो. मग लूकमधलेच सोबती शोधायला लावा. अकराव्या अध्यायात मध्यरात्री दार न उघडणारा मित्र आहे. बाराव्यात प्रभूच्या येण्याला चोराची उपमा आहे. अठराव्यात देवाला न भिणारा न्यायाधीश आहे. त्या न्यायाधीशाला देवाचं चित्र समजून कुणी लाच घ्यायला लागत नाही. असला माणूससुद्धा एवढं करतो, तर तुम्ही? तर देव किती? अशी ती रीत आहे. कारभारी त्याच रांगेत बसतो, आणि तुमच्या तरुणाला अर्धं उत्तर इथे मिळतं.

उरलेलं अर्धं मला लूकच्या बाराव्या अध्यायात मिळालं. तिथे दुसरा एक श्रीमंत आहे, ज्याच्या जमिनीला अमाप पीक आलं. तो मनाशी म्हणतो, मी काय करू? कारण पीक साठवायला जागा नाही. कारभारीही मनाशी म्हणतो, मी काय करू? दोघांचा प्रश्न अक्षरशः एक, आणि दोघांचीही मुदत संपत आलेली, फक्त एकाला ते ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही. शेतकरी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो आणि देव त्याला सांगतो की आज रात्रीच तुझा जीव मागितला जाईल. कारभारी हाती असलेला अधिकार सुटायच्या आत त्याचं रूपांतर माणसांत करून घेतो. हे दोन उतारे शेजारी ठेवल्यावर आमच्या गटात बराच वेळ कुणी कारभाऱ्याच्या लबाडीबद्दल बोललंच नाही. बोलणं कोठारांवर गेलं: कुणाची एफडी, कुणाचा रिकामा ठेवलेला फ्लॅट, कुणाच्या लॉकरमधलं सोनं. तुमच्याकडेही जाईल. जाऊ द्या, पण नावं घेऊन नाही.

मग नववी ओवी आपोआप उघडते. धनाने मित्र जोडा, म्हणजे ते सरेल तेव्हा सार्वकालिक वस्तीत तुमचं स्वागत होईल. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी श्रीमंत आणि लाजर. दोन्ही गोष्टी "एक श्रीमंत मनुष्य होता" अशाच सुरू होतात. लाजरच्या गोष्टीतल्या श्रीमंताच्या दारातच मित्र होण्याजोगा माणूस पडलेला होता, आणि त्याने तो जोडला नाही. लूकने या दोन गोष्टी एकाच अध्यायाच्या दोन टोकांना उगाच ठेवल्या असतील असं मला वाटत नाही.

तरी एक खडा उरतोच. कारभाऱ्याने मित्र जोडले ते परतफेडीच्या आशेने, आणि चौदाव्या अध्यायात येशू सांगतो की परतफेड करू शकत नाहीत अशांना जेवायला बोलवा. मग नवव्या ओवीत आपण कुणाचा कित्ता गिरवायचा? माझ्या गटांत याचं एकमत झालेलं नाही. मी म्हणते, कारभाऱ्याकडून घाई शिकायची, हिशेब नाही. एक पतसंस्थेतले निवृत्त भाऊ म्हणतात, हिशेबही शिकायचा, फक्त परतफेड कुठे मागायची ते बदलायचं. त्यांच्या बाजूने त्याच चौदाव्या अध्यायातली चौदावी ओवी आहे, कारण तिथेही नीतिमानांच्या पुनरुत्थानाच्या वेळी फेड होईल असं वचन दिलंय. हा वाद तुमच्या गटात आला तर मिटवायला जाऊ नका.

तरुणाच्या टोमण्याचं रोकडं उत्तर दहाव्या ते तेराव्या ओवीत आहे. थोडक्यात विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू, थोडक्यात अन्यायी तो पुष्कळातही अन्यायी, आणि कोणत्याही चाकराला दोन धन्यांची चाकरी करता येत नाही. ही वचनं मूळची याच दाखल्याची की पैशाच्या विषयावरची म्हणून इथे जोडलेली, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण लूकने ती इथे ठेवलीत, म्हणजे दाखला वाचून कुणी ऑफिसातल्या अफरातफरीला आधार काढील, ही शक्यता त्याने मोकळी सोडलेली नाही. "इथे नाही" या रकान्यात पहिली ओळ हीच लिहा: फसवणूक चालते. आणि या ओव्या वाचायचं काम त्या तरुणालाच द्या. तुम्ही वाचून दाखवल्यात तर ते त्याला सुनावल्यासारखं होईल.

काकांना मात्र दुखवू नका. "खोदू नये" यामागे शास्त्राची चेष्टा होईल ही धास्ती असते, आणि तरुणाच्या हसण्याने ती खरीही ठरली. त्यांना आदल्या दिवशी फोन करा आणि सांगा की काका, लूकमध्ये येशूने वाईट माणसाचा दाखला देऊन चांगली गोष्ट शिकवलीय अशा जागा काढून ठेवा, तुमचं वाचन जास्त आहे. अकरा, बारा आणि अठरा हे अध्याय ते स्वतःच शोधून आणतील. खोदायचं काम त्यांच्याच हाती गेलं की ते थांबवायला निघत नाहीत.

पाळकसाहेबांबद्दल. त्यांना टाळायचं नाही, पण पहिल्या बैठकीला बोलावूही नका. ते समोर बसले की आपली माणसं प्रश्न त्यांच्याकडे सरकवून हात जोडून बसतात, आणि वह्या लिहिणारे काका अक्षराबद्दल बोलत नाहीत. दुसऱ्या बैठकीला बोलवा आणि फळ्याचा फोटो आधी पाठवा. "साहेब, अर्थ सांगा" असं विचारू नका. "आमचे हे तीन मुद्दे दुसऱ्या रकान्यात अडकलेत, तुम्ही कोणता कुठे टाकाल आणि कोणत्या ओवीवरून?" असं विचारा. बहुतेक पाळकांना असा प्रश्न मनापासून आवडतो, त्यांना असं कुणी विचारत नसतं. टीकाग्रंथही (शास्त्राचा अर्थ उलगडून सांगणारी पुस्तकं) त्याच दिवशी उघडा, आधी नको.

पुढच्या आठवड्यासाठी एवढं पुरे आहे: १५ आणि १६ सलग वाचन, पुस्तकं मिटून गोष्ट, फळा, आणि मग लूक १२:१३ ते २१. नववी ओवी वेळेत आली नाही तर ओढूनताणून आणू नका. लाजरवर चर्चा त्याच दिवशी सुरू केलीत तर नरक-स्वर्गावर बोलणं जाऊन कारभारी राहून जाईल. तो उतारा त्यापुढच्या आठवड्याला स्वतंत्र घ्या, आणि तेव्हाही पहिला प्रश्न "काय घडतं" हाच ठेवा.